पाच वस्त्रांतली तीन

१

हुस्नबानूचं कफन चोरीला गेल्याची बातमी मुरुडच्या बाजारात पोचली, तेव्हा दिनानाथ प्रधान एका कोळणीशी बोंबलांच्या ताजेपणावरून हुज्जत घालत होते. बातमी ऐकली आणि हुज्जत तिथंच थांबली. बोंबील तसेच टोपलीत राहिले.

लोक नारळ चोरतात, कोंबडी चोरतात, अंगणातला हंडा उचलून नेतात. पण मेल्यावर अंगावर घालायचं कापड कोण चोरतं? आणि तेही माणूस अजून धडधाकट बसून विडा कुटत असताना?

दिनानाथ म्हणजे जंजिरा संस्थानचे जुने फौजदार. संस्थान विलीन झालं तशी फौजदारकी गेली, पण लोकांच्या तोंडची ‘फौजदार’ ही हाक गेली नाही आणि ओठावरची मिशीही गेली नाही. खरं सांगायचं तर नोकरीभर त्यांनी पकडले ते बहुतेक नारळचोर. खून वाट्याला आला तो एकच, आणि त्यातला आरोपी स्वतःच चौकीवर येऊन बाकावर बसला होता. हे ते स्वतःच हसत हसत सांगत. पण हुस्नबानूचा मामला वेगळा होता. तिचा नवरा कासमभाई, आगबोटीवरचा खलाशी, हा दिनानाथांचा पत्त्यांतला जन्माचा भिडू. वारण्याआधी त्यानं दिनानाथांचा हात हातात घेऊन सांगितलं होतं, “दिनूभाऊ, माज्या घराकडं बघत ऱ्हावा.” दिनानाथांनी तेव्हा मान डोलावली होती.

कासमभाई आणि हुस्नबानू दोघं मिळून हजला जाऊन आले होते. तिथून येणारे लोक आपापलं कफन घेऊन येतात, मक्केच्या झमझम विहिरीच्या पाण्यात भिजवून वाळवलेलं, आणि ते घरच्या ट्रंकेत कापूर घालून जपतात. आपल्या जाण्याची तयारी आपणच करून ठेवायची, मागच्यांची धावपळ नको. कासमभाईचं कफन त्याच्या कामाला येऊन दोन पावसाळे झाले. राहिलं होतं ते हुस्नबानूचं.

शिवाय शुक्रवारी अलिबागचे वकील एस.टी.नं यायचे होते. हुस्नबानू वसीयत, म्हणजे मृत्युपत्र, करणार होती, आणि साक्षीदार म्हणून सही दिनानाथांची पडायची होती. दिनानाथांनी बोंबलांचा नाद सोडला, धोतराचा सोगा सावरला आणि सरळ मोहल्ल्याची वाट धरली.

२

मोहल्ल्याचा शेवट आणि कोळीवाड्याची सुरुवात जिथं होते, तिथं नारळाच्या वाडीत हुस्नबानूचं घर. पडवीत ती भिंतीला टेकून बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू, कान मंद आणि छातीत दुखणं. पण आवाज असा की कासमभाई म्हणायचा, आगबोटीचा भोंगा बिघडला तर हिला न्यावी.

“भाऊ, या. चोरी झालेल्या घरचा चहा चालंल ना?”

“साखर असली की चालेल,” दिनानाथ म्हणाले.

चहा हुस्नबानूच्या मुलीनं, महेरुन्निसानं आणला. ती दिघीला दिलेली. तरीतून खाडी ओलांडून, आगरदांड्याला उतरून आठवड्यापूर्वी माहेरी आली होती. तिचा चेहरा रडून सुजला होता.

हकीकत अशी. पाऊस सरला, कडक ऊन पडायला लागलं की हुस्नबानू आपलं कफन उन्हाला देई, नाहीतर दमट हवेनं कापडाला बुरशी धरते. आज सकाळी तिनं ट्रंकेतून हिरव्या फडक्यातलं गाठोडं काढलं, तर ते हाताला चपटं लागलं. गाठ सोडायला गेली तर सुटेना. मग महेरुन्निसानं कडेनं हात घालून आतलं अलगद बाहेर काढलं. पाच वस्त्रांऐवजी दोनच निघाली. ट्रंकेला कुलूप नव्हतंच. कफनाला कुलूप कोण लावतो?

“घाईत तीन ओढली असतील आणि दोन ऱ्हायली असतील,” महेरुन्निसा म्हणाली.

दिनानाथांनी ती दोन वस्त्रं पाहिली. एक ओढणी, एक कुडतं. दोन्हींची घडी मोडलेली नाही, मध्ये कापराची पुडी व्यवस्थित ठेवलेली. घाईतला चोर पुन्हा घडी घालत बसत नाही, हे नारळचोर पकडणाऱ्यालाही कळतं. मग त्यांनी गाठ ओढून पाहिली. ओढावी तशी ती आणखी आवळत गेली.

“ही गाठ तुम्ही मारलेली?”

“मी साधी दुहेरी मारते,” हुस्नबानू म्हणाली. “ही माजी न्हाय. पन भाऊ, कापडाचं मला काय न्हाय. कापड दुसरं मिळंल. घेनारा घरात येनाराजानारा हाय, ते मला खातंय. तुमाला ठाऊक हाय ना मी वसीयत कशासाटी करते?”

दिनानाथांना ठाऊक होतं. सगळ्या मुरुडला ठाऊक होतं. हुस्नबानूचा मुलगा हमीद अंगानं तिशीचा गडी, पण मनानं लहानच राहिलेला. जेवायला वाढलं की जेवायचं, सांगितलं की करायचं. आई गेल्यावर त्याचं कोण करणार, हा एकच घोर तिला होता. शरीयतप्रमाणे मुलगा आणि मुलगी यांचे हिस्से ठरलेले. त्याबाहेर वाडीचा एक तृतीयांश, म्हणजे तिसरा हिस्सा, ती आपल्या मर्जीनं वारस नसलेल्या कुणालाही देऊ शकत होती. जो हमीदला जन्मभर सांभाळेल, त्याला तो द्यायचा, असं तिनं ठरवलं होतं. पुतण्या ताजुद्दीन तयार होता. शेजारचा भिकू कोळी तयार होता. आणि महेरुन्निसा तर तिसरा हिस्सा नको, पण भाऊ द्या म्हणून हट्ट धरून बसली होती.

“या तिघांपैकीच कुनी तरी माज्या ट्रंकेत हात घातलाय,” हुस्नबानू म्हणाली. “मेलेल्याचं कापड चोरनाऱ्याच्या हातात मी माजा हमीद देऊ? शुक्रवारी वकिलाला परत पाठवा. वसीयत न्हाय करायची.”

“आणि तुम्हाला काही झालं तर?”

ती छातीवर हात ठेवून बसली. डॉक्टर तिला काय म्हणाले होते तेही सगळ्या मुरुडला ठाऊक होतं.

“शुक्रवारच्या आत चोर शोधून देतो,” दिनानाथ म्हणाले.

निघताना महेरुन्निसा वाडीच्या फाटकापर्यंत आली. “फौजदारकाका, लोक म्हनतील मीच घेतलं, वसीयत होऊ नये म्हनून. माजा नवराबी तसंच म्हनेल, आनि वाडी बाहेर गेली न्हाय म्हनून वर खूश होईल. पन मी न्हाय घेतलं. हमीदला मी, त्याच्या बुबूनं, कडेवर वाढवलाय.”

“हमीद कुठं आहे?”

“नमाजाला गेला असंल. हल्ली लई नेमानं करतो सगळं.”

दिनानाथांनी हिरवं फडकं गाठीसकट बरोबर घेतलं होतं. ते घेऊन ते कुंपणाच्या फटीतून पलीकडं, कोळीवाड्यात शिरले.

३

भिकू कोळी ओट्यावर पाय पसरून जाळं सांधत होता. अंगठ्यात धागा अडकवलेला, तोंडात विडी. त्याची बायको सोनूबाई सुकत घातलेल्या जवळ्यावरून कावळे हाकलत होती.

दिनानाथांनी काही न बोलता फडकं त्याच्यासमोर धरलं. भिकूनं गाठीवरून बोट फिरवलं.

“ही आमचीच गाठ. जाल्याची. मोहल्ल्यात अशी कोन मारनार?” एवढं बोलून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं की फौजदार हे कशाला विचारतायत. विडी तोंडातून गळली. “फौजदारसायेब! देवाशपत! मी कशाला मेल्याच्या कापडाला हात लावू? मला तर त्याला शिवायची भीती वाटते!”

“मग ताजुद्दीनची बाजू बळकट व्हावी म्हणून तुझ्यावर कुणी आळ आणला म्हणू?”

“ते मला काय ठावं. पन हमीद ताजुद्दीनशेटच्या दुकानात गेला तर मरंल हो. तितं गोनी आनि काटा. त्याला पानी पायजे, होडी पायजे. धा वर्सं माज्या होडीवर येतोय. मासली निवडतो, जालं सांधतो. मी सांधतो तसंच सांधतो. माजा धाकटा भाऊच तो.” एवढं म्हणून भिकूचा आवाज उतरला. “पन हल्ली येत न्हाय.”

“का?”

“काय म्हाईत. हाक मारली तर किनाऱ्यावर उभा ऱ्हातो. म्हनतो, आता मला जमिनीवरच ऱ्हायला पायजे. बानूबायनं मना केलं असंल. आता तो दुसऱ्याचा व्हनार, म्हनून.”

सोनूबाईनं कावळ्यांवर उगारलेली काठी खाली टेकली. “मना केलं न्हाय. मी इचारलं बानूबायला. ती म्हनली, मी कशाला मना करू. आनि सायेब, आनखी एक. तो रोज दुपारला आमच्या विहिरीवर येऊन आंगोल करतो. डोक्यावरून. सनावाराला करावी तशी. मग धुतलेले कपडे घालतो आनि जाऊन किनाऱ्यावरच्या खोपीत बसतो.”

“हुस्नबानू काही बोलते का त्याला? रागावते?”

“रागावनार कशी? जीव हाय तिचा तो.” सोनूबाई जरा घुटमळली. “दुवा मात्र मागते. रोज, संध्याकालच्या नमाजाला. तिला वाटतं मनात मागते. कानाला ऐकू येत न्हाय ना तिला, म्हनून मोठ्यानं निघतं. आमच्या ओट्यावर सगलं ऐकू येतं.”

“काय मागते?”

सोनूबाईनं पदर तोंडाला लावला. भिकू जाळ्यात मान घालून बसला.

“ते मी न्हाय सांगनार,” सोनूबाई म्हणाली. “आईनं देवाजवल काय मागावं ते दुसऱ्यानं बोलू नये.”

४

ताजुद्दीनचं दुकान बाजारपेठेत, सुकं खोबरं आणि धान्याचं. ताजुद्दीन जाडजूड, बोलायला फटकळ, आणि स्वतःच्या चांगुलपणावर त्याचा फार विश्वास. दिनानाथांना पाहताच त्यानं नोकराला चहा सांगितला आणि चहा यायच्या आत चिडून घेतलं.

“मला ठाऊक हाय लोक काय बोलतात. ताजुद्दीनला वाडी पायजे. अहो, वाडी मिळायची कधी? चाचीनं सही केली तर! मग सही थांबंल असं काम मी करीन? आपल्याच पायावर कोन धोंडा मारून घेतो?”

हे खरं होतं. चोरीनं वसीयत थांबली होती, आणि त्यात नुकसान झालं तर ताजुद्दीनचं. दिनानाथांनी मनातल्या मनात त्याच्या नावावर काट मारली. मग भिकू? गाठ त्याच्या जातीची, पण मेल्याच्या कापडाला शिवायची त्याची भीती खोटी नव्हती. फडकं कशाचं ते कळल्यावर त्याच्या तोंडातून विडी गळली, ती सोंगानं गळत नाही. महेरुन्निसा? वसीयत थांबली तर तिच्या नवऱ्याला हवंच होतं. पण आयुष्यात जाळं हातात न धरलेल्या बाईनं ती गाठ मारली कशी?

“हमीदला दुकानात घेऊन काय करणार तुम्ही?” त्यांनी विचारलं.

“गल्ल्यावर बसवीन. काम न्हाय दिलं तरी चालंल. चार लोकांनी त्याला सलाम करावा, शेटचा भाऊ म्हनून. आता लोक त्याला हाक मारतात ते हसायला.” ताजुद्दीनचा आवाज मऊ झाला. “लहानपनी मीबी हसायचो. कासमचाचानं मला एकदा कानफटात मारली होती त्यावरून. बरोबर मारली.”

चहा आला. ताजुद्दीननं बशीत ओतून फुंकर मारली आणि पुन्हा चोरावर आला.

“आनि चोर तरी कसला अडानी! कफन न्यायचं तर आख्खं न्यावं. ओढनी आनि कुडतं मागं ठेवून तीन चादरी नेल्या म्हनं. बाईला पाच वस्त्रं लागतात हे पोरालाबी कळतं. तीन तर मर्दाला लागतात—”

बशी तोंडापाशी गेलेली तिथंच थांबली. ताजुद्दीननं दिनानाथांकडं पाहिलं, दिनानाथांनी त्याच्याकडं.

“ओढणी आणि कुडतं बायकांनाच लागतं?”

“बायकांनाच.”

“म्हणजे चोरानं पुरुषाचं तेवढं मोजून नेलं. इतक्यात मोहल्ल्यात कुणी पुरुष वारला?”

“न्हाय. ईदेनंतर एकबी मय्यत न्हाय, अल्लाची मेहेर.”

“कुणी अगदी शेवटाला लागलेला?”

ताजुद्दीननं नाही म्हणून मान हलवली.

सकाळपासून सगळे एकच धरून चालले होते: कफन हुस्नबानूचं, म्हणून चोरी हुस्नबानूवर. तसं नव्हतं. ते कफन एका पुरुषासाठी नेलं होतं, आणि तो पुरुष अजून जिवंत होता. हुस्नबानूच्या घरात पुरुष एकच होता.

दिनानाथ चहा तसाच टाकून उठले. या वयात ते बाजारपेठेतून धावत गेले, आणि लोकांनी दुकानातून माना बाहेर काढून पाहिलं.

५

धावता धावता त्यांच्या डोक्यात भलतंसलतं येत होतं. हमीद नसता तर वसीयतीचीही गरज नव्हती, सांभाळायचीही गरज नव्हती, वाडी सगळी मोकळी. कुणी एवढ्या थराला जाईल? महेरुन्निसाचा नवरा? पण तो दिघीला, आणि ट्रंकेपर्यंत पोचणार कसा?

मशिदीच्या वळणावर दम लागून ते थांबले. कठड्याला धरून उभे राहिले आणि उभ्या उभ्या त्यांनी गणित पुन्हा मांडलं. फौजदारकीत हे त्यांना कधी फारसं करावं लागलं नव्हतं.

पुरुषाला तीन वस्त्रं हे ठाऊक असणारा माणूस पाहिजे. म्हणजे भिकू नाही, सोनूबाई नाही. जाळ्याची गाठ सफाईनं मारणारा पाहिजे. म्हणजे ताजुद्दीन नाही, महेरुन्निसा नाही. घडी मोडू न देता, कापूर जागच्या जागी ठेवून, उरलेलं आईचं आईला परत बांधून ठेवणारा पाहिजे. चोर असं करत नाही. मोहल्ला आणि कोळीवाडा, दोन्हीकडं ज्याचे हात शिकले, असा माणूस एकच होता.

पण हमीदनं ते घेतलं असेल तर कशासाठी? रोज डोक्यावरून आंघोळ. धुतलेले कपडे. आणि पाण्यावर जायचं नाही.

आता ते धावले नाहीत. भीत भीत चालत गेले.

किनाऱ्यावर होडीचं सामान ठेवायची झावळ्यांची खोप होती. तिच्या सावलीत हमीद बसला होता. केस ओले, नीट विंचरलेले, पांढरा सदरा, पाय जवळ घेतलेले. शेजारी पांढऱ्या कापडाची घडी, तिच्यावर वाळू उडू नये म्हणून केळीचं पान.

“सलाम फौजदारकाका.”

“सलाम रे बाबा.” दिनानाथ त्याच्याजवळ वाळूत बसले. थोडा वेळ त्यांनी श्वास घेतला. “आईची कापडं सापडत नव्हती. ही का?”

“आईची न्हाय. आईची ओढनी आनि कुडतं ठेवलंय मी. ही माजी. मर्दाला तीन. बाबांना तीन घातली, तवा मीच पानी देत होतो.”

“पण तुला आत्ता कशाला?”

हमीदनं त्यांच्याकडं जरा नवलानं पाहिलं, एवढं साधं कसं कळत नाही म्हणून. “मला आधी जायचं हाय. आई रोज अल्लाला सांगते ना. माज्या हमीदला माज्या आधी ने. एक दिस तरी आधी ने. मग कापड मला आधी नको? आईला ताजुद्दीनभाय दुसरं देतील. त्यांच्याकडं पैसे हायेत.”

दिनानाथ त्या केळीच्या पानाकडं बघत राहिले.

“होडीवर न्हाय जात मी,” हमीदनं आपणहून सांगितलं. “पान्यात गेलो तर सापडनार कसा? आईला तरास. फकत कधी जायचं ते कुनी सांगत न्हाय. म्हनून रोज आंगोल करून बसतो.”

“हे तू कुणाला सांगितलं नाहीस?”

“कुनी इचारलं न्हाय. ताजुद्दीनभायला इचारतात, भिकूला इचारतात, बुबूला इचारतात. मला न्हाय इचारत.”

संस्थानात एवढी वर्षं काढलेले फौजदार त्या खोपीत बसून रडले. हमीदनं सदऱ्याच्या बाहीनं त्यांचे डोळे पुसले, आणि कापडाला हात पुसायचा नाही, ते स्वच्छ ठेवायचं असतं, असंही समजावून सांगितलं.

६

हे हुस्नबानूला कसं सांगायचं? वाटेत दिनानाथांनी दहा तऱ्हा योजल्या आणि सगळ्या टाकल्या. तिच्या दुखऱ्या छातीचा विचार करावा तर न सांगणंच बरं. पण न सांगावं तर हमीद उद्याही आंघोळ करून बसणार होता, परवाही.

पडवीत ताजुद्दीन धापा टाकत येऊन पोचला होता. भिकू आणि सोनूबाई कुंपणाशी उभी होती. महेरुन्निसा आईच्या पायाशी. दिनानाथांनी हमीदला बाहेर आळूच्या वाफ्यापाशी थांबवलं आणि एकटे आत येऊन हुस्नबानूच्या कानाशी बसले.

“चोर नाहीच,” ते म्हणाले. “ज्यानं नेलं त्यानं आपला वाटा नेला. तुमचा तुम्हाला ठेवला.” आणि मग त्यांनी हळूहळू, एकेक शब्द मोकळा करून, सगळं सांगितलं.

 हुस्नबानूचे धुरकट डोळे अंगणाकडं लागले होते.

“मी मनात मागते,” ती शेवटी म्हणाली. “मला वाटायचं मी मनात मागते.”

“बाय, सगली वाडी ऐकते,” कुंपणापासून सोनूबाई म्हणाली, आणि तीही रडायला लागली.

“माजी नीयत वाईट न्हवती गं. त्याला मागं टाकून डोळे मिटायचे, ते मला जमत न्हवतं. मी त्याचंच भलं मागत होते.” हुस्नबानूनं पदरानं तोंड झाकलं. “त्या लेकरानं रोज ते ऐकलं, आनि माजं ऐकायचं म्हनून तयारी करून बसला. मी कसली आई!”

महेरुन्निसानं तिला मिठी मारली. ताजुद्दीन खांबाकडं तोंड करून उभा राहिला. तो नुसता खांबावर हात घासत होता.

मग हुस्नबानूनं तोंड पुसलं आणि आपल्या त्या आवाजात हाक मारली. हमीद आत आला. हातात घडी तशीच, वर केळीचं पान.

“इकडं बस. बाबा, मी अल्लाकडं चुकीचं मागितलं. आता न्हाय मागनार. तुला आधी जायचं न्हाय.”

हमीद विचारात पडला. “मग तू आधी?”

“मी म्हातारी हाय ना.”

“मग तू गेल्यावर मी जेवू कुठं?”

इतके दिवस या एका प्रश्नावर तिघं जण भांडत होते, आणि तो ज्याच्या पोटाचा होता त्यानंच आता विचारला. दिनानाथांनी हुस्नबानूच्या हाताला हळूच स्पर्श केला. ती समजली.

“तूच सांग. कुठं जेवशील?”

“सोनूबायकडं,” हमीद ताबडतोब म्हणाला. त्याचं हे कधीचंच ठरलेलं असावं. “तिची भाकरी मऊ असते. झोपायला इथं, माज्या जागंवर. ताप आला की ताजुद्दीनभाय डाक्तरला आननार, डाक्तर त्यांना भितो. आनि ईदेला बुबूकडं दिघीला, तरीतून. दोन दिसांनी परत.”

“आनि दुकानात बसायला?” ताजुद्दीननं खांबाकडूनच विचारलं.

हमीदनं त्याचा मान ठेवून थोडा विचार केला. “पाऊस असला की येईन. होडी बंद असते तवा.”

भिकू कुंपणाच्या काठीला धरून हसला. ताजुद्दीन मागं वळला, डोळे लाल करून, आणि म्हणाला की वाडीचा हिशोब आपण बघू, पण चूल सोनूबाईची. चाचीनं तिसरा हिस्सा आपल्या आणि भिकूच्या नावानं लिहावा, म्हणजे एकानं हयगय केली तर दुसरा त्याची मान धरेल. भिकू म्हणाला, मला जमीन नको. सोनूबाईनं त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. शुक्रवारी वकिलांना काय सांगायचं ते इतक्या थोडक्यात ठरलं, आणि हमीदनंही त्या दिवशी इथं हजर राहायचं हे दिनानाथांनी वर ठासून सांगितलं. त्याच्यावाचून ते सही करणार नव्हते.

महेरुन्निसानं ती तीन वस्त्रं आईच्या मांडीवर ठेवली. हमीदचं लक्ष मात्र अजून पहिल्याच गोष्टीत अडकलेलं होतं. आईचं एवढ्या दिवसांचं सांगणं असं एका दमात मोडीत निघालं, ते त्याच्या मनाला पटत नसावं.

“पन मी आधी गेलो असतो तर काय झालं असतं?”

हुस्नबानूनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. दिसत नव्हतं तरी अगदी जवळ ओढून पाहिला.

“मग मला खांदा कोन दिला असता?”

 मोहल्ल्यातल्या प्रत्येक मय्यतीला हमीद गेला होता. लोकांनी त्याच्या हातात दर वेळी पाण्याचा तांब्या दिला होता, आणि जनाजा उचलायच्या वेळेला कुणी ना कुणी त्याला हलकेच बाजूला केलं होतं. तो ताठ बसला.

“पुढं धरू का मागं?”

“पुढं,” हुस्नबानू म्हणाली. “आनि घाई करायची न्हाय. सगळ्यांना तुज्या पायानं चालायचं असतं.”